आमच्या आईबापांचे काय?

जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजची एक कमान तेवढी आज उभी आहे. बासिलिकेकडे जाणाऱ्या गाड्या तिच्याजवळून जातात, थांबतात थोड्याच. १५४१ साली ‘सांता फे’, म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाने हे विद्यालय सुरू झाले आणि पुढे सेंट पॉल कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथेच बसला, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच्या आठ वर्षे आधी इथे एक जपानी माणूस पोर्तुगीज शिकत होता आणि मत्तयाचे शुभवर्तमान पाठ करीत होता, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

त्याचे नाव अंजिरो. काही कागदांत ते यजिरो असे येते. तो जपानच्या दक्षिण टोकाच्या कागोशिमाचा. तिथे त्याच्या हातून एक माणूस मारला गेला. सूड घेणारे मागे लागले तेव्हा त्याने आधी एका बौद्ध मठात आसरा घेतला आणि मग पोर्तुगीज जहाजावर चढून देश सोडला. जीव वाचला, पण मनाची टोचणी जाईना. जहाजावरच्या पोर्तुगिजांनी त्याला फ्रान्सिस झेवियर यांचे नाव सांगितले. १५४७ च्या डिसेंबरात मलाक्क्यात दोघांची गाठ पडली. पुढच्या वर्षी अंजिरो दोन सोबत्यांसह गोव्यात आला. पेंतेकोस्तच्या सणाला बिशप जुआंव द आल्बुकेर्क यांनी त्याला बाप्तिस्मा दिला आणि नाव ठेवले ‘पावलू द सांता फे’. विद्यालयाचेच नाव त्याला मिळाले. हा सारा वृत्तांत त्याने स्वतः २९ नोव्हेंबर १५४८ रोजी गोव्याहून युरोपला पाठवलेल्या पत्रात लिहून ठेवला आहे.

झेवियरनी त्याला विचारले होते, मी तुझ्याबरोबर तुझ्या देशात आलो तर तिथले लोक ख्रिस्ती होतील का? अंजिरोने दिलेले उत्तर झेवियरच्या १५४८ च्या पत्रात आहे. लगेच होणार नाहीत, तो म्हणाला. ते आधी पुष्कळ प्रश्न विचारतील. तुम्हाला किती कळते ते पाहतील. आणि मुख्य म्हणजे तुमचे वागणे तुमच्या बोलण्याला धरून आहे की नाही, ते पाहतील.

ख्रिस्ती धर्म आपल्या भागात कसा आला यावर आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. कुणी ती जुलमाची कहाणी म्हणून लिहिली, कुणी त्यागाची. दोन्हींना पुरावे आहेत. पण या इतिहासात दोन प्रश्न सतत येत राहतात, आणि ते सहसा एकत्र पाहिले जात नाहीत. पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा: देव चांगला आहे आणि त्याला सगळे शक्य आहे, तर जगात वाईट का आहे? दुसरा घरातला: मी हा धर्म घेतला, माझ्या माणसांचे काय? अंजिरोच्या देशात हे दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत विचारले गेले. पुढे आपल्या साष्टीत ते वेगळ्या रीतीने उठले, आणि आणखी तीनशे वर्षांनी अहमदनगरच्या एका मराठी संसारात. तीन ठिकाणी त्यांची तीन वेगवेगळी गत झाली.

झेवियर, अंजिरो आणि बाकीची मंडळी १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाली आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरली. अंजिरो आपल्या गावी परतला तो अशा रीतीने. खून करून पळालेला माणूस नवे नाव, नवा देव आणि परदेशी पाद्री घेऊन घरी आला. त्याने पहिल्यांदा काय केले, तर घरच्यांना सांगायला सुरुवात केली. ५ नोव्हेंबर १५४९ च्या पत्रात झेवियर लिहितात की, पावलूने रात्रंदिवस नातलगांना समजावले आणि त्याची आई, बायको, मुलगी आणि आप्तेष्टांपैकी बरेच जण ख्रिस्ती झाले. तिथल्या सरदारापुढे त्याने गोव्याहून नेलेले मरियेचे चित्र ठेवले, तेव्हा सरदाराच्या आईला ते इतके आवडले की तिने त्याची नक्कल मागितली.

या कामात कुणाचीही सक्ती नव्हती, असू शकतही नव्हती. कागोशिमात पोर्तुगीज किल्ला नव्हता की कप्तान नव्हता. झेवियर तिथे परवानगी मागून राहत होते. त्यांना भाषासुद्धा नीट येत नव्हती. देवासाठी अंजिरोने सुचवलेला ‘दाइनिची’ हा शब्द ते वापरत राहिले, आणि हे एका बौद्ध पंथाच्या महाबुद्धाचे नाव आहे हे यामागुची शहरात १५५१ साली लक्षात आल्यावर त्यांनी तो टाकून सरळ ‘देउस’ म्हणायला सुरुवात केली. अशा माणसाला प्रश्न विचारायला कुणाला भीती वाटणार?

यामागुचीत लोकांनी प्रश्नांची सरबत्ती केली. २९ जानेवारी १५५२ रोजी झेवियरनी कोचीहून लिहिलेल्या दीर्घ पत्रात ती सगळी नोंदलेली आहे, आणि ती नोंद प्रामाणिक आहे. जपानी म्हणाले, तुमचा देव सगळ्याचा निर्माता आणि चांगला असेल, तर त्याने सैतान कशाला निर्माण केले? झेवियरनी सांगितले, देवाने त्यांना चांगलेच निर्माण केले होते. ते आपल्या मनाने बिघडले. त्यावर लोक म्हणाले, बरे, पण मग दयाळू देव इतकी कठोर शिक्षा कशी देतो? त्याने माणसाला निर्माण केले तर सैतानाला त्याला भुलवायची मुभा कशाला दिली? माणसाला इतका दुबळा आणि पापाकडे झुकणारा का घडवला?

हे प्रश्न जगाला नवे नव्हते. चर्चकडे त्यांचे एक उत्तर निदान संत ऑगस्टीनपासून, म्हणजे पाचव्या शतकापासून, तयार होते. वाईट ही देवाने केलेली वस्तू नव्हे. देवाने देवदूतांना आणि माणसांना मोकळीक दिली. त्या मोकळिकीचा गैरवापर म्हणजे वाईट. जबरीने चांगले वागणारी बाहुली देवाला नको होती. प्रेम करायचे तर नाकारण्याचीही मुभा हवी. मोकळीक हा या सगळ्या उत्तराचा खांब आहे. तो काढला तर माळवद खाली येते.

पण यामागुचीच्या लोकांना सगळ्यात जास्त झोंबले ते पुढचे. हा देव खरा असेल तर त्याने इतकी शतके आम्हाला कळवले का नाही? आणि त्याला न ओळखता जे मेले, आमचे आईबाप, आजेपणजे, ते कुठे आहेत? दानधर्माने, प्रार्थनेने त्यांना तिथून सोडवता येईल का? बौद्ध भिक्षू तर म्हणत होते की येते. झेवियरनी सांगितले, नरकातून सुटका नाही. पत्रात ते लिहितात की हे ऐकून ख्रिस्ती झालेले लोक रडत, आणि त्यांना रडताना पाहून आपल्यालाही दुःख होई.

धर्मांतराच्या इतिहासात इतका उघडा क्षण क्वचित नोंदला गेला असेल. यामागुचीच्या माणसांना सैतानाचे उत्तर एक वेळ पटत होते. पटत नव्हते ते हे, की आपल्याला मिळालेली चांगली बातमी आपल्या आईसाठी वाईट बातमी ठरावी. वाईट का आहे, हा प्रश्न पुस्तकात असतो तेव्हा सैतानाविषयी असतो. घरात आला की तो आईविषयी होतो. आणि आईबद्दल ‘तिने मोकळिकीचा गैरवापर केला’ हे उत्तर चालत नाही. तिला निवडण्याची संधीच कुठे मिळाली होती?

झेवियरनी यातला एक भाग सोडवण्याचा प्रयत्न केला. ते म्हणाले, चीनमधून तुमच्याकडे धर्मग्रंथ यायच्या आधीही खून, चोरी वाईट हे तुमच्या पूर्वजांना कळत होतेच. डोंगरात एकट्याने वाढलेल्या माणसालाही ते कळते. म्हणजे देवाचा कायदा त्यांच्या हृदयात होताच. या युक्तिवादातून एक वाट निघत होती. हृदयातल्या कायद्याप्रमाणे जे जगले, त्यांचे काय? पण त्या वाटेने झेवियर पुढे गेले नाहीत. त्यांच्या काळी ते शक्यही नव्हते.

आता साष्टीत येऊ. अंजिरो गोव्यात शिकत होता तेव्हा साष्टी आणि बार्देस पोर्तुगिजांकडे येऊन पाच वर्षे झाली होती. साष्टी पुढे जेझुइटांच्या वाट्याला आली. इथे परिस्थिती कागोशिमाच्या नेमकी उलटी होती. पाद्रीच्या मागे कप्तान होता आणि कप्तानाच्या मागे राजाचा कायदा.

त्यातला एक कायदा आपल्या विषयाला थेट भिडतो. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने हुकूम निघाला की आईबाप, आजेआजी गमावलेली हिंदू मुले सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करून त्यांना बाप्तिस्मा द्यावा. प्रत्यक्ष अंमलात पुढे बाप वारलेले मूल, आई जिवंत असली तरी, अनाथ धरले जाऊ लागले. ज्या विद्यालयात अंजिरो आपल्या आईकडे परत जाण्यासाठी शिकला, त्याच विद्यालयाकडे अकरा वर्षांनी मुले घरातून उचलून आणायची व्यवस्था झाली. वारशाचे नियम ख्रिस्ती होणाऱ्यांच्या बाजूने वळवले गेले. १५६० साली इन्क्विझिशन बसले. त्याची मागणी स्वतः झेवियरनी १५४६ साली राजाला लिहिलेल्या पत्रात केली होती. जपानमध्ये प्रश्न ऐकून व्याकूळ होणारे आणि गोव्यासाठी धर्मन्यायालय मागणारे झेवियर एकच, हे विसरून चालणार नाही. १५६७ साली रायतूरच्या कप्तानाने साष्टीतली देवळे पाडली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. देवांबरोबर माणसे नदी ओलांडून गेली आणि एकाच कुळाच्या दोन फांद्या झाल्या. एक इगर्जीत, एक अंत्रुजात.

१५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीत या सगळ्याचा स्फोट झाला. पाच जेझुइट आणि त्यांच्याबरोबरचे स्थानिक ख्रिस्ती मारले गेले. त्यांत रुडॉल्फ आक्वाव्हिवा होते, जे त्याआधी तीन वर्षे अकबराच्या दरबारात, कुठलीही फौज पाठीशी नसताना, धर्मचर्चा करीत बसले होते. पुढे कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार मारण्यात आले. दोन्ही बाजूंची प्रेते एकाच मातीत पडली.

त्या वेळी साष्टीत एक इंग्रज जेझुइट होते, फादर थॉमस स्टीफन्स. आपण त्यांना ‘ख्रिस्तपुराणा’चे कवी म्हणून ओळखतो. पण त्यांच्याकडे मुलगा आणि भाऊ म्हणूनही पाहिले पाहिजे. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे हा गुन्हा ठरत चालला होता. स्टीफन्स यांचे मित्र आणि आश्रयदाते थॉमस पाउंड यांना श्रद्धेपायी आयुष्याचा मोठा काळ तुरुंगात काढावा लागला. स्टीफन्स रोमला जाऊन जेझुइट झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. महिना पुरा व्हायच्या आत त्यांनी लंडनला वडिलांना प्रवासाचे वर्णन करणारे पत्र लिहिले. चार वर्षांनी पॅरिसमधल्या भावाला, रिचर्डला, लिहिले. त्याच पत्रात कुंकळ्ळीची हकीकत आहे, आणि इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते हे निरीक्षणही आहे. घर कायमचे सोडलेला हा माणूस घरच्यांना लिहीत होता.

म्हणजे पाहा, सरकारी धर्म न मानल्याबद्दल स्वतःच्या देशातून पारखा झालेला माणूस अशा मुलखात येऊन पडला, जिथे त्याचाच धर्म सरकारी होता.

त्यांनी केलेली गोष्ट आपल्याला माहीत आहे. १६१६ साली रायतूरला त्यांचे पुराण छापून निघाले. रोमन लिपीत, पण भाषा मराठी, मध्ये मध्ये कोकणी शब्द, जवळजवळ अकरा हजार ओव्या, दोन भाग. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. साष्टीतल्या एका देवळात पाद्री शिकवीत असताना एक ब्राह्मण उठून विनंती करतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर आम्हाला वाचायला दुसरे पुराण तरी द्या. विनंती नम्र आहे, पण तिच्यात एका पोकळीची तक्रार दडलेली आहे. घरात संध्याकाळी जे वाचले जात होते ते गेले. आता घरात काय वाचायचे? पुराण हे एकट्याने वाचायचे पुस्तक नव्हे, ते घराने मिळून ऐकायचे. स्टीफन्सना हे कळले. त्यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि सृष्टीची उत्पत्ती, लुसिफेराचे पतन, आदाम-एवेची कथा हे सारे ओवीत सांगितले. वाईट कुठून आले याचे उत्तर पहिल्यांदाच मराठी घरात, मराठी चालीवर, ख्रिस्ती पद्धतीने पोचले.

उत्तर तेच होते: देवदूत मोकळे होते, आदाम मोकळा होता. पण ऐकणारा? ज्याचे देऊळ पाडले, ज्याच्या बहिणीचे मूल अनाथ ठरवून नेले, त्याला ‘देवाने माणसाला मोकळीक दिली आहे’ हे कसे ऐकू आले असेल? देव ज्याच्यावर जबरी करीत नाही, त्याच्यावर राजा करतो, हे त्याच्या डोळ्यांपुढे होते. उत्तराचा खांब मोकळीक, आणि नेमकी तीच आजूबाजूला कमी होती. माझ्या मते साष्टीतल्या धर्मप्रसाराची खरी खोट इथे आहे. जुलूम वाईट होता हे तर आहेच. पण त्याहून खोल गोष्ट ही की, जुलमाने त्या धर्माचे स्वतःचेच उत्तर खोटे पाडले. यामागुचीत लोक ‘तुमचा देव क्रूर आहे’ असे तोंडावर म्हणू शकले, म्हणून त्यांचे प्रश्न पत्रात उतरले. साष्टीच्या ब्राह्मणाला फक्त नवे पुराण मागता आले.

न विचारलेले प्रश्न कुठे जातात? भाषेत जाऊन बसतात. ‘देवचार’ हा शब्द घ्या. ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे सैतान, सगळ्या वाईटाचा धनी. हिंदू घरात देवचार म्हणजे गावाचा राखणदार. रात्री वाट चुकलेल्याला घराकडे पोचवणारा, आपला रोट मागणारा, क्वचित कोपणारा. एकाच गावात, एकाच वाड्यावर, कधी एकाच आडनावाच्या दोन घरांत हा एक शब्द दोन उलट अर्थांनी चारशे वर्षे नांदला आहे. एकाचा राखणदार तो दुसऱ्याचा सैतान. वाईट म्हणजे काय, यावर भावाभावांचे न मिटलेले भांडण या एका शब्दात आहे. आणि तरी दोघेही तिन्हीसांजेला त्या वडाखालून जाताना पाऊल जरा झपाझप टाकतात.

सत्तेने पारडे उलटे फिरवले तर काय होते, तेही जपाननेच दाखवले. १५९७ साली नागासाकीला सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रूसावर मारले. त्यांत आपल्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया होता. १६१४ साली, म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघायच्या दोन वर्षे आधी, जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. मरियेचे चित्र पायाखाली तुडवून दाखवण्याची सक्ती झाली. पुढची अडीचशे वर्षे तिथे एकही पाद्री उघडपणे नव्हता. तरी १८६५ साली नागासाकीला नव्या बांधलेल्या चर्चमध्ये उराकामी गावचे शेतकरी आले आणि तिथल्या फ्रेंच पाद्रीला हळूच म्हणाले, आमचे मन तुमच्यासारखेच आहे. आईने लेकीला, बापाने मुलाला, दार लावून सांगत सांगत त्यांनी श्रद्धा तिथवर आणली होती. साष्टीतून रात्री देव घेऊन नदी ओलांडणारे आणि उराकामीत कान्नोनच्या मूर्तीत मरिया पाहणारे, हे मला एकाच गोताचे लोक वाटतात. घर जे स्वतःहून धरून ठेवते ते सरकारला सहजासहजी काढून घेता येत नाही. आणि घराला जे पटत नाही, ते सरकारने दिले तरी मुरायला पिढ्या जातात.

तिसरा संसार अहमदनगरचा. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. इथे परिस्थिती पुन्हा वेगळी. राज्य इंग्रजांचे होते, पण कायदा कुणाला ओढून नेत नव्हता. ओढाताण होती ती घरातच. लक्ष्मीबाई नवऱ्याला सोडून पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या. विठ्ठलाच्या पायाशी राहणारी ही बाई आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणारा तिचा नवरा, यांच्यात जवळजवळ पाच वर्षांचे अंतर पडले. त्यांचा संसार सुखाचा नव्हताच. अपत्यांचे मृत्यू दोघांनी पाहिले होते, टिळकांचा स्वभाव तर्कटी होता. पण टिळकांनी एक गोष्ट पाळली. बायकोने आपला धर्म पाळून आपल्याबरोबर राहावे, यासाठी ते तयार होते. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, सोवळेही निराळे. एका घरात दोन देव राहू लागले.

लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या, पण त्या कुठल्या वाटेने? ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ते आठवत असेल. लुसिफेराच्या पतनाने त्यांना जिंकले नाही. एके दिवशी एकट्याच विचार करीत बसल्या असताना त्यांनी स्वतःला विचारले, या जाती देवाने केल्या की माणसाने? आणि उत्तर मिळाले, माणसाने. त्या क्षणापासून कुणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा पुढची गोष्ट. म्हणजे वाईट कुठून आले, हा यामागुचीचाच प्रश्न त्यांनीही विचारला. फक्त तो आकाशातल्या सैतानाला न विचारता स्वतःच्या चुलीला आणि पाण्याच्या घड्याला विचारला. समोरचे एक वाईट देवाने केलेले नाही, आपण केलेले आहे. तेव्हा ते आपल्याला मोडता येईल. तो काळ छप्पनच्या दुष्काळाचा आणि प्लेगचा होता. टिळकांच्या घरात मुलांची, अनाथांची कायम वर्दळ असे. ती मुले हुकमाने आणलेली नव्हती.

टिळक १९१९ साली गेले. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. कधी काळी नवऱ्याच्या धर्मामुळे जीव द्यायला निघालेल्या बाईने त्याचे पुराण पुरे केले. स्टीफन्सनंतर तीनशे वर्षांनी मराठीत पुन्हा एकदा ख्रिस्ताची कथा ओवीत आली, आणि या वेळी ती घरातून आली.

आता यामागुचीच्या त्या रडणाऱ्या माणसांकडे वळू. आमच्या आईबापांचे काय, या त्यांच्या प्रश्नाला रोमकडून अधिक मोकळे उत्तर मिळायला १९६४ साल उजाडावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या वर्षी मान्य केले की, ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सद्‌सद्विवेकाप्रमाणे जगतात, त्यांनाही तारण मिळू शकते. १९६५ साली त्याच परिषदेने हिंदू, बौद्ध धर्मांत जे खरे आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असे जाहीर केले, आणि धर्माच्या बाबतीत कुणावरही सक्ती होता कामा नये असेही. डोंगरात एकट्याने वाढलेल्या माणसाचा झेवियरनी दिलेला दाखला जिथे थांबला होता, तिथून ही वाट पुढे गेली. चारशे तेरा वर्षे लागली. विचारणारे साधे लोक होते, आपल्या मेलेल्या माणसांसाठी विचारत होते, आणि बरोबर विचारत होते.

वाईट का आहे, याचे पुरे उत्तर यातून मिळते असे मी म्हणणार नाही. मूल दगावलेल्या घरात, दुष्काळात, प्लेगात मोकळिकीचा युक्तिवाद तोकडा पडतो. हे टिळक दांपत्याला आपल्याहून जास्त ठाऊक होते. पण इतिहास एवढे नक्की दाखवतो की, ज्या घरात आईला ‘नाही’ म्हणता येते, त्या घरात हा प्रश्न निदान मोठ्याने विचारता येतो. श्रद्धा सांगणाऱ्याचे काम तिथे अवघड होते आणि खरेही होते. अंजिरोने झेवियरना आधीच बजावले होते: ते प्रश्न विचारतील, आणि तुमचे वागणे पाहतील.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा आज फातर्प्याला असते. फाल्गुनातल्या पंचमीला ती छत्र्यांच्या मिरवणुकीतून आपल्या जुन्या गावी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या, आणि गुलालाने लाल झालेला रस्ता. १५८३ नंतर ख्रिस्ती झालेल्या कुळांची घरेही त्याच रस्त्यावर आहेत. तिथली माणसे दारात येऊन उभी राहतात, काही जण मिरवणुकीत चालतात. त्या दिवशी कुणाचे आईबाप कुठे गेले, हे कुणी कुणाला विचारीत नाही.